माकड बाजूला ठेवा, देवमाशावर बोला

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वैदिक संमेलनाच्या निमित्ताने आलेले तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी जाहीर केले, की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. माकडाचा माणूस होताना पाहिला असे आपल्या पूर्वजांपैकी कुणी ना लिहून ठेवले ना सांगितले, असा त्यांचा मुद्दा होता. शाळा-कॉलेजांतून हे शिकवणे बदलले पाहिजे, असेही ते म्हणाले. देशातल्या तिन्ही प्रमुख विज्ञान अकादम्यांनी लगोलग संयुक्त निवेदन काढून हे खोडून काढले, त्यांच्या वरिष्ठ मंत्र्यांनीही त्यांना अशी विधाने टाळायला सांगितले आणि प्रकरण मिटल्यासारखे झाले. ते मिटले नव्हते. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा भाग गेला आणि 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचे नाव नुसते 'आनुवंशिकता' उरले. १,८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी विरोधाचे पत्र लिहिले. तेव्हापासून हा वाद आपल्याकडे सारखा डोके वर काढतो. व्याख्यानमालेत, शिक्षकांच्या प्रशिक्षणात, लग्नाच्या पंगतीत तो निघतो आणि दरवेळी त्याच दोन वाक्यांवर येऊन अडतो. एक बाजू विचारते, "कुणी पाहिलं?" दुसरी बाजू म्हणते, "जगातले सगळे शास्त्रज्ञ मानतात, तुम्ही कोण विचारणारे?" एवढ्यावर आवाज चढतात आणि विषय संपतो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट मांडतो. उत्क्रांती दहावीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला शिकवलीच पाहिजे, यात मला काडीची शंका नाही. पण आज ज्या पद्धतीने तिची बाजू मांडली जाते, ती पद्धत लंगडी आहे. माणूस आणि माकड या जोडीवर हा वाद लढवणे हीच मोठी चूक आहे. तो देवमाशावर लढवावा. खुरांच्या, चार पायांनी जमिनीवर हिंडणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या एका शाखेतून देवमासे आले, हे विधान माकड-माणसाच्या विधानापेक्षा किती तरी धाडसी आहे. माकडात आणि आपल्यात साम्य आहे हे पोरालाही दिसते. पण हरणासारखा दिसणारा प्राणी आणि समुद्रातला ३० मीटरपर्यंत वाढणारा निळा देवमासा यांचे नाते आहे, हे कुणाला सहज पटेल? जे पटायला सर्वांत अवघड, तेच पुराव्याने उभे राहिले, तर बाकीचे आपोआप उभे राहते. शिवाय देवमाशाच्या पूर्वजाविषयी बोलताना कुणाच्या कुळाचा अपमान होत नाही. मराठवाड्यात तर समुद्रच नाही. आपल्या बहुतेक मुलांनी देवमासा चित्रातच पाहिलेला असतो. या खटल्यात आपले कसलेच हितसंबंध गुंतलेले नाहीत, म्हणून आपण चांगले न्यायाधीश होऊ शकतो.

आधी आज जिवंत असलेल्या प्राण्याकडे पाहू. देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो आणि त्यासाठी त्याला पाण्याच्या वर यावे लागते. तो पिल्लाला जन्म देतो, दूध पाजतो. ही गोष्ट अॅरिस्टॉटलने तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी डॉल्फिनविषयी, म्हणजे देवमाशांच्याच कुळातल्या प्राण्याविषयी, नोंदवून ठेवली आहे. मासा पोहताना शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली हलवतो. चौखूर उधळलेल्या घोड्याचा किंवा कुत्र्याचा कणा पाहा, तोही वर-खाली वाकतो. देवमाशाच्या पुढच्या पराची हाडे उघडली, की त्यात दंडाचे हाड, कोपराखालची दोन हाडे, मनगट आणि बोटे सापडतात. मागचे पाय बाहेरून दिसत नाहीत, पण शरीराच्या आत कंबरेची लहानशी हाडे कण्याला न जोडलेली अशी मांसात रुतून असतात. डॉल्फिनचा गर्भ काही आठवड्यांचा असताना त्याला मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि पुढे ते जिरून जातात. २००६ मध्ये जपानच्या ताइजी किनाऱ्यावर पकडलेल्या एका डॉल्फिनला मागच्या बाजूला परांची आणखी एक जोडी होती. ज्या देवमाशांना दातच नसतात, गाळणीसारख्या पट्ट्यांनी जे अन्न गाळून घेतात, त्यांच्या गर्भातही दातांचे अंकुर येतात आणि जन्माआधी विरतात. ज्याला कधी पाय नव्हते, त्याच्या गर्भात पाय कशाला उगवतील? ज्याला कधी दात नव्हते, त्याच्या हिरडीत अंकुर कुठून येतील?

आता "कुणी पाहिलं?" या प्रश्नाकडे येतो. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण, असे आपल्या दर्शनांनीच सांगितले आहे. पण त्याच दर्शनांनी अनुमानालाही प्रमाण मानले, हे प्रश्न विचारणारे विसरतात. धाराशिव जिल्ह्यातले तेर घ्या. तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथून आणि पैठणहून माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जात असे आणि तिथून रोमन जगात पोचत असे, हे आपण इतिहासात शिकवतो. ते कुणी पाहिले? एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात दोन्ही गावांची नावे आहेत. तेरच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, रोमन धाटणीच्या वस्तू निघाल्या. तेरला सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी जवळचे नाते सांगणारी मूर्ती इटलीतल्या पाँपेईच्या राखेखाली निघाली. तीन दिशांनी आलेले तीन धागे एकाच गाठीत बसतात, म्हणून आपण ते सत्य मानतो. तेरलाच त्रिविक्रमाचे देऊळ आहे. आज तिथे विष्णूची पूजा होते, पण विटांचा तो गाभारा मागून अर्धगोल आहे आणि छत गजपृष्ठाकार आहे. अशी बांधणी बौद्ध चैत्यगृहांची असते, म्हणून ही वास्तू मुळात चैत्य असावी असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. वापर बदलला तरी घडण जुन्या वापराची खूण सांभाळते. देवमाशाच्या पोटातल्या कंबरेच्या हाडांविषयी जीवशास्त्रज्ञ याहून वेगळे काय म्हणतात? आणि सत्यपाल सिंह तर मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले. ज्या गुन्ह्याला साक्षीदार नाही, त्याचा तपास परिस्थितिजन्य पुराव्यावरच होतो आणि अशा पुराव्यांची साखळी पूर्ण असेल, तर आपली न्यायालये त्यावर शिक्षाही देतात. जन्मठेप द्यायला जो पुरावा पुरतो, तो पाठ्यपुस्तकात धडा घालायला पुरू नये काय?

आणि साखळी खरोखरच केवढी भरत आली आहे, हे आपल्याकडच्या उत्क्रांतीच्या कैवाऱ्यांनाही नीट माहीत नसते, याचे मला वाईट वाटते. या साखळीचे सुरुवातीचे बरेच दुवे भारतीय उपखंडातच सापडले आहेत. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला भिडत होता. मधला टेथिस समुद्र आटत होता. उथळ खाड्या, नद्यांची मुखे, दलदली असा तो प्रदेश होता. तिथल्या गाळाचे आज खडक झाले आहेत आणि ते पाकिस्तानात, जम्मूत, हिमाचलात आणि कच्छमध्ये उघडे पडलेले आहेत. १९८१ मध्ये पाकिस्तानातून पाकिसेटस हा प्राणी जगापुढे आला. लांडग्याएवढा, चार पायांचा, पण कानाची घडण देवमाशाची. १९९४ मध्ये अँब्युलोसेटस आला. आखूड पाय, मोठे पंजे, मगरीसारखा पाण्यात दबा धरणारा. आपल्या कच्छमध्ये अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी १९७० च्या दशकातच प्राचीन देवमाशांचे अवशेष शोधून त्यांचे वर्णन केले होते. त्याच कच्छमधून सुनील बाजपेयी आणि त्यांचे सहकारी हान्स थेविसन यांनी २००० मध्ये कच्छिसेटस हा लांब तोंडाचा, लांब शेपटीचा, लहान चणीचा देवमासा जगासमोर मांडला. पुढे बॅसिलोसॉरस येतो. सुमारे १५ मीटर लांबीचा आणि पूर्णपणे समुद्रात राहणारा. १९९० मध्ये इजिप्तच्या वाळवंटातल्या सांगाड्यांवर त्याचे मागचे पाय सापडले. गुडघा, घोटा, बोटे असे सगळे त्यात होते, पण लांबी जेमतेम हातभर. एवढ्या प्रचंड देहाला त्या पायांवर चालणे शक्यच नव्हते.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती जम्मूच्या कालाकोटची कहाणी. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी राजौरी जिल्ह्यातल्या या भागातून जीवाश्मांनी भरलेले दगड गोळा केले आणि १९७१ मध्ये त्यांतल्या एका प्राण्याला इंडोह्यस हे नाव दिले. हाती काही दात आणि जबड्याचे तुकडे, एवढीच तेव्हाची सामग्री होती. बरेचसे दगड न फोडता तसेच पडून राहिले. रंगा राव गेले. त्यांच्या पत्नीने ते दगड जपले आणि पुढे थेविसन यांच्या स्वाधीन केले. प्रयोगशाळेत दगडातून हाडे सोडवताना एक कवटी चुकून फुटली आणि कानाचे हाड उघडे पडले. मधल्या कानाला वेढणारे हे हाड वाटीसारखे असते. बहुतेक सस्तन प्राण्यांत त्या वाटीचा काठ सगळीकडे सारख्याच जाडीचा असतो. देवमाशात मात्र आतल्या बाजूचा काठ फुगून दगडासारखा जाड आणि घट्ट झालेला असतो. प्राचीन असो वा आजचा, देवमासा ओळखायची ही पक्की खूण. कालाकोटच्या त्या फुटलेल्या कवटीत आतला काठ जाड होता, म्हणजे इंडोह्यस देवमाशांचा जवळचा नातलग ठरला. हा प्राणी मांजराहून थोडा मोठा, खुरांचा, बारीक हरणासारखा. त्याच्या पायांच्या हाडांच्या भिंती जाड होत्या. पाण्यात तळाशी चालणाऱ्या प्राण्यांना वजनासाठी अशी हाडे लागतात, पाणघोड्याचीही ती तशीच असतात. दातांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांनीही, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणानेही, साक्ष दिली, की त्याचा बराच वेळ पाण्यात जात असावा. २००७ मध्ये 'नेचर' या शोधपत्रिकेत हे प्रसिद्ध झाले आणि लेखकांच्या नावांत बाजपेयी आणि बी. एन. तिवारी हे भारतीय संशोधक होते. उत्क्रांती हे परकीयांचे थोतांड आहे असे जो म्हणतो, त्याला मी विचारतो: कालाकोट कुठे आहे? कच्छ कुठे आहे? रंगा राव कोण होते?

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा. तो मी ऐकीव म्हणून झटकणार नाही, कारण तो खरा आहे. देवमाशांविषयी शास्त्रज्ञ वारंवार चुकले. १८३० च्या दशकात अमेरिकेत बॅसिलोसॉरसची हाडे सापडली, तेव्हा त्याला सरपटणारा प्राणी समजले गेले. नावातल्या 'सॉरस'मध्ये, म्हणजे सरड्यामध्ये, ते आजही चिकटून आहे. दोन मुळांचे दात पाहून इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तो सस्तन असल्याचे पुढे दाखवले. खुद्द डार्विनने १८५९ मध्ये तोंड उघडे ठेवून पोहत किडे पकडणाऱ्या अस्वलापासून देवमाशासारखा प्राणी घडू शकेल, असे लिहिले आणि टीका झाल्यावर पुढच्या आवृत्तीत ते वाक्य छाटले. पाकिसेटसची नुसती कवटी हाती असताना तो समुद्रात सूर मारतानाचे चित्र छापले गेले. २००१ मध्ये बाकीचा सांगाडा मिळाला, तेव्हा तो बारीक लांब पायांचा प्राणी निघाला. चित्रकाराचा हात पुराव्याच्या पुढे धावला होता. आणि मोठी चूक तर पूर्वजाच्या बाबतीत. १९६० च्या दशकापासून बहुतेक जीवाश्मतज्ज्ञ देवमाशांचे मूळ मेसोनिकिड नावाच्या लुप्त, मांसाहारी, खुरांच्या प्राण्यांत शोधत होते. दातांचे साम्य फसवे निघाले. मग विरोधक विचारतात, दर वीस वर्षांनी ज्यांचे म्हणणे बदलते, त्यांचे आम्ही मुलांना का शिकवावे?

कारण ते कसे बदलले, ते पाहा. रक्तातल्या प्रथिनांच्या तुलनेवरून १९५० मध्येच देवमासा गाय-डुकरांच्या गटाजवळ जातो असे दिसले होते. १९९० च्या दशकात डीएनएच्या तुलनेने तेच सांगितले आणि पुढे जाऊन पाणघोडा हा देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक ठरवला. जीवाश्मतज्ज्ञांना हे मान्य नव्हते. त्यांतले मोठे नाव फिलिप गिंगरिच यांचे, मेसोनिकिडांच्या बाजूचे. वाद एका हाडावर येऊन ठेपला. शेळी, गाय, डुक्कर, उंट अशा समखुरी प्राण्यांच्या मागच्या पायाच्या घोट्यात एक हाड असते. त्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते. इतर सस्तन प्राण्यांत ही दुहेरी खाच नसते. खाटकाकडून बकऱ्याच्या मागच्या पायाचा घोटा मागून आणा, मांस सोलून ते हाड हातात धरा, वरच्या खाचेत अंगठा आणि खालच्या खाचेत तर्जनी अलगद बसते. प्राचीन देवमासा खरोखर समखुरी कुळातला असेल, तर त्याच्या घोट्यात हेच हाड मिळायला हवे. २००१ च्या सप्टेंबरात एकाच आठवड्यात दोन गटांनी पाय शाबूत असलेल्या प्राचीन देवमाशांचे घोटे प्रसिद्ध केले. एक गट थेविसन यांचा, दुसरा गिंगरिच यांचा. दोन्हीकडे दुहेरी कप्पी होती. गिंगरिच यांनी आपले जुने मत सोडले आणि ते त्यांनी स्वतःच खणून काढलेल्या हाडांवरून सोडले. डीएनए तपासणारे एका दिशेने आले, हाडे खणणारे दुसऱ्या दिशेने, एकमेकांशी भांडत आले, आणि पोचले एकाच ठिकाणी. देवमासे जमिनीवरून आले की नाही, यावर या भांडणात कधीच दुमत नव्हते. वाद होता तो कुळाच्या नेमक्या शाखेचा.

मत बदलणे ही ज्यांना दुबळेपणाची खूण वाटते, त्यांनी निदान मराठवाड्यात तरी तसे म्हणू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत लातूर-उस्मानाबादचा हा टापू भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचे पठार स्थिर, हे शास्त्राचे तेव्हाचे मत. किल्लारी-सास्तूर परिसरात दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर पठाराच्या पोटातल्या जुन्या भेगांचा नव्याने अभ्यास झाला, नकाशा बदलला, २००२ मध्ये सर्वांत कमी धोक्याचा तो पट्टाच रद्द झाला, किल्लारीचा भाग वरच्या पट्ट्यात गेला आणि घरे कशी बांधायची याचे नियम बदलले. आपण त्या दिवशी शास्त्रज्ञांना म्हणालो असतो का, की तुम्ही जुन्या मतालाच चिकटून राहा? पुराव्यापुढे मत बदलण्याची तयारी माणसांचे जीव वाचवते. ही तयारी मुलाच्या अंगी यावी, यासाठी देवमाशाच्या पूर्वजाच्या शोधासारखा दुसरा धडा मला तरी दिसत नाही. त्यात चूक आहे, अहंकार आहे, वाद आहे आणि शेवटी एका घोट्याच्या हाडापुढे मान तुकवणे आहे.

श्रद्धेच्या बाजूने येणारा आणखी एक युक्तिवाद मला सलोख्याचा वाटतो आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड जाते. तो असा, की उत्क्रांती आपल्याला नवी नाही, दशावतारात ती आहेच: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन आणि पुढे पूर्ण मानव. हे साम्य अनेकांना भावले आहे. पुढे भारतात स्थायिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन यांच्यासारख्या उत्क्रांतिशास्त्रातल्या श्रेष्ठ माणसानेही ते टिपले होते. कीर्तनात बुवा हे सांगतात तेव्हा मलाही ते ऐकायला आवडते. पण देवमासा इथे आडवा येतो. दशावतार पाण्यातून जमिनीवर येतो, देवमासा जमिनीवरून पाण्यात परत गेला. दशावताराला विज्ञानाचा सिद्धांत मानले, तर कालाकोटचा एक तुकडा त्याला खोटे पाडतो. भक्तांना हे हवे आहे का? अवतारांची कथा धर्म ग्लानीत असताना ईश्वर का येतो ते सांगते, प्राण्यांची वंशावळ सांगणे हे तिचे काम कधीच नव्हते. तिच्यावर जीवशास्त्राचे ओझे लादणारे तिची सेवा करत नाहीत.

हीच अडचण पुरोगामी व्यासपीठांवरच्या उत्क्रांतीलाही आहे, आणि ते मी तितक्याच स्पष्टपणे म्हणेन. तिथे उत्क्रांती म्हणजे प्रगतीचा जिना असतो. खालच्या पायरीवर मासा, मग बेडूक, मग माकड, वरच्या पायरीवर माणूस. हे डार्विनचे शास्त्र नव्हे. देवमाशाने पाय गमावले, वासाची बहुतेक जनुके गमावली, बाह्य कान गमावले. मग तो जिना उतरला काय? तो त्याच्या पाण्याला जुळला, इतकेच. जिन्याचे हे चित्र निरुपद्रवीही नाही. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात युरोपात याच जिन्यावर माणसांचे वंश वर-खाली मांडले गेले, आणि माणसांना जन्मावरून पायऱ्यांवर बसवण्याची सवय आपल्या समाजाला त्याआधीपासूनच होती. ज्या प्रदेशाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी सोळा-सतरा वर्षे रक्त आटवले, त्या प्रदेशातल्या विज्ञानाच्या वर्गात हा जिना फळ्यावर काढला जाऊ नये. फांद्या फुटत जाणारे झाड काढावे, ज्यात कुणी शेंड्यावर बसलेले नाही. "सगळे शास्त्रज्ञ मानतात" हे वाक्यही टाळावे. ते आप्तवाक्यच झाले, म्हणजे मोठ्यांनी सांगितले म्हणून मानायचे. मुलाच्या हाती घोट्याचे हाड द्या आणि त्याला ठरवू द्या.

राहिला अभ्यासाच्या ओझ्याचा प्रश्न. जालना-परभणीकडच्या वाडीवस्तीवरच्या शाळांत शिकवणाऱ्यांना विचारा. प्रयोगशाळेचे कपाट कुलूपबंद, विज्ञानाला एकच शिक्षक, निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामे त्याच्याच गळ्यात. अशा शिक्षकाने दोन धडे कमी मागितले, तर त्याला धर्मांध म्हणणे अन्याय आहे. एनसीईआरटीनेही कोविडनंतरचे ओझे हेच कारण दिले आणि बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच, असे सांगितले गेले. पण बारावीचे जीवशास्त्र कुणापर्यंत पोचते? दहावीनंतर आयटीआयला जाणारा, कलाशाखेला जाणारी, ऊसतोडीच्या फडावर आईबापांबरोबर जाऊन शाळाच तुटलेला, यांच्यापर्यंत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले, ते पिढ्यान्‌पिढ्या ज्ञानापासून दूर ठेवलेल्या मुलांसाठी. ज्ञानाचा गाभा ज्यांना पुढे जाता येईल त्यांच्यासाठीच राखून ठेवायचा, ही जुनी रीत आपण ओझे कमी करण्याच्या नावाखाली परत आणत आहोत. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात हा धडा सुरुवातीलाच आहे आणि माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांची हाडे त्यात शेजारी शेजारी मांडली आहेत. हे चांगले आहे. अभ्यासक्रम पुढे कितीही बदलो, हे पान जाता कामा नये.

"पण आमच्या पोराला याचा उपयोग काय?" बाप विचारतो आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याने मागच्या उन्हाळ्यात बोअर घेतलेले असते. पाणाड्या नारळ तळहातावर धरून शेतात फिरलेला असतो, नारळ उभा राहिला तिथे मशीन लागलेले असते. वर काळी माती, मग मुरूम, मग काळ्या पाषाणाची पांढुरकी भुकटी, आणि मध्येच एकदम विटकरी लाल माती उडू लागते. नंतर पुन्हा काळा पाषाण. ती लाल माती म्हणजे दोन लाव्हांच्या मधला काळ. एक लाव्हा थंड झाला, उन्हापावसात झिजून त्याची माती झाली आणि मग त्यावर दुसरा लाव्हा पसरला. असे थरांवर थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी साचले, आणि पाणी कुठे मुरते, कुठे अडते, हे या थरांवर आणि त्यांतल्या भेगांवर ठरते. हा अतिदीर्घ काळ ज्याच्या डोक्यात बसला, तो बोअरच्या भुकटीकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहील आणि नारळाच्या भरवशावर हंगामाचे पैसे जमिनीत घालण्याआधी दोन प्रश्न जास्त विचारील. देवमाशाचा धडा आणि बोअरचा धडा एकच आहे, दोन्हीकडे थर वाचायचे आहेत.

आणि याच थरांमुळे एक गोष्ट मी आज खात्रीने सांगू शकतो. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात, त्याच्या दोन थरांमधल्या जुन्या गाळात, देवमाशाचे हाड कधीही सापडणार नाही. आपला दगड पहिल्या देवमाशाहून दीड कोटी वर्षांनी जुना आहे. गोदावरी-मांजरेच्या काठच्या, त्या मानाने अगदी अलीकडच्या गाळात प्राचीन हत्तींची आणि रानबैलांची हाडे निघाली आहेत. तशी अजून निघतील. पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये देवमाशाची एक कवटी जरी मिळाली, तरी मी या लेखात मांडलेला सगळा क्रम कोसळेल आणि मला तो सोडून द्यावा लागेल. कसली गोष्ट सापडली तर मी माझे मत सोडीन, हे मी सांगितले आहे. "कुणी पाहिलं?" असे विचारणाऱ्यांनीही तेवढे सांगावे. काय दाखवले, तर तुम्ही मानाल? घोटा दाखवला, कान दाखवला, गर्भातले पाय दाखवले, डीएनए दाखवला. अजून काय हवे ते बोला, म्हणजे ते शोधायला कुठल्या डोंगरात जायचे हे तरी ठरवता येईल.

शिक्षकांनी आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी मनावर घेतले, तर यातले बरेच उद्यापासून होऊ शकते. 'उत्क्रांतीची व्याख्या लिहा' हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी चार हाडांची चित्रे द्या: एक घोटा, एक कानाची वाटी, एक पर, एक कंबरेचे हाड. ती कुठल्या खडकात, किती जुन्या थरात मिळाली ते लिहा. आणि विचारा, यांना कोणत्या क्रमाने लावाल, का, आणि कोणता नवा पुरावा आला तर तुमचा क्रम बदलाल? या प्रश्नाला गाइडमध्ये उत्तर नसेल. गुण क्रमाला कमी आणि 'का'ला जास्त द्यावेत.